पाच दगड आणि एक पटका

बाजरीचा दाणा इंद्रायणीच्या चिमटीतून सुटला आणि टपकन खडकावर पडला. दुसऱ्या हातातला कापसाचा पुंजका मात्र सुटला तरी खाली यायला तयार नव्हता. तो इकडे डुलला, तिकडे डुलला आणि बऱ्याच वेळाने सावकाश टेकला.

"बघितलं? दाणा जड म्हणून पडला, कापूस हलका म्हणून तरंगला," इंद्रायणी म्हणाली. धडा इतका लवकर संपला म्हणून ती खूश होती.

दिवाळीची सुट्टी लागताना बद्रीनाथ मास्तरांनी तिच्यावर हे काम टाकलं होतं. तळेखेड्याच्या शाळेत मास्तर एकटेच आणि वर्ग चार. म्हणून बारा वर्षांच्या इंद्रायणीने सुट्टीत बालवर्गाच्या चिल्ल्यापिल्ल्यांना गोळा करायचं आणि काही वस्तू हवेत का तरंगतात ते शिकवायचं. मास्तरांनी चिठ्ठीवर दोन प्रयोग लिहून दिले होते. उत्तर मात्र लिहिलं नव्हतं. ते तुझं तू शोध, असं म्हणून ते आपल्या गावी निघून गेले होते.

चारपैकी तीन पोरांनी माना डोलावल्या. सहा वर्षांचा कडूबा तेवढा डोलला नाही. त्याने पुंजका उचलला, दाणा उचलला आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं.

"तायी, एवढा मोठा पुंजका एका दाण्याहून हलका कसा?"

"असतो," इंद्रायणी म्हणाली.

"मोजून दाखव."

आता आली का पंचाईत! शेजारी त्रिंबक बसला होता. तो इंद्रायणीच्या द्वारकाकाकूंचा भाचा, जुन्या जालन्याहून सुट्टीला आलेला. अंगात नवा मलमलीचा सदरा आणि तोंडात जालन्याच्या गप्पा. त्याने ज्वारीच्या चिपाडाचा इवलासा तराजू केला. एका बाजूला दाणा, दुसऱ्या बाजूला पुंजका. पुंजक्याची बाजू खाली गेली.

इंद्रायणीने तराजू उलटा धरून बघितला. पुंजका पुन्हा खालीच. म्हणजे जड वस्तू तरंगली आणि हलकी पडली! तिचं डोकं गरगरायला लागलं.

त्रिंबकाने छाती फुगवली. जालन्याच्या शाळेत त्याला हे सगळं उर्दूत शिकवलं होतं. तो उभा राहून घडाघडा म्हणाला, "गर्म हवा हल्की होकर ऊपर उठती है." मग त्याचा अर्थ काय, असं कडूबाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की अर्थ परीक्षेत विचारत नाहीत.

चिठ्ठीवरचा दुसरा प्रयोग चुलीवरचा होता. निदान तो तरी जमेल म्हणून इंद्रायणीने पोरांना उठवलं आणि घराकडे पिटाळलं. निघताना तिने एकदा मागे बघितलं. काळ्या खडकावर काकासाहेबांचा केशरी पटका पसरलेला होता. चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये एक असे पाच सपाट दगड त्यावर ठेवलेले होते.

काकासाहेब म्हणजे तिचे थोरले काका, गावचे पाटील. पटका त्यांच्या वडिलांचा. बारा हात लांब आणि इतका तलम, की मुठीत मावायचा. दर दिवाळीला तो नव्याने रंगवायचा, खडकावर वाळवायचा आणि चतुर्थीला तोच बांधून राजूरच्या गणपतीला जायचं, असा काकांचा नेम. आज त्याची राखण इंद्रायणीकडे होती. पण पाच दगड आहेत की, ती मनात म्हणाली, आणि गेली.

चुलीचा प्रयोग मात्र झकास झाला. आचेवर धरलेला पुंजका हातातून सुटल्याबरोबर वर चढला आणि थेट आढ्याला चिकटला. पोरं नाचली. तो तिथे का चढला हे कुणालाच कळलं नाही, इंद्रायणीला तर नाहीच. मग पोरांनी दिवाळीच्या उरलेल्या करंज्या संपवल्या आणि दुपार बरीच कलल्यावर सगळे खडकावर परतले.

खडक रिकामा होता.

पटका नव्हता. पाच दगडही नव्हते. खालच्या वाटेवर मेंढरांच्या खुरांची धूळ तेवढी अजून खाली बसत होती.

* * *

संध्याकाळी ओसरीवर सगळं घर आणि अर्धं गाव जमलं. काकासाहेबांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. त्यांनी एकेकाला विचारलं. द्वारकाकाकू म्हणाल्या की त्या दुपारी खडकावरून गेल्या तेव्हा पटका होता, कोरडाही झाला होता. मग काकांनी इंद्रायणीकडे बघितलं.

"तू राखणीला होतीस. काय बघितलं?"

इंद्रायणीने वाटेकडे बोट केलं. "साळूमावशीची मेंढरं खडकाखालून गेल्ती," ती म्हणाली.

हे खरं होतं. धूळ तिने बघितली होती. आपण तिथे नव्हतो एवढंच ती बोलली नाही.

साळूबाई ही मेंढपाळ. पावसाळा सरला की तिचा कळप दरवर्षी तळेखेड्याला यायचा. रात्री मेंढरं शेतात बसवायची, लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि साळूबाईला धान्य. गेली अकरा वर्षं तिची मेंढरं आधी पाटलांच्याच रानात बसत होती.

कुणीतरी म्हणालं की वाऱ्याने गेला असेल. काकासाहेबांनी मान हलवली.

"वाऱ्यानं पटका नेला असता तर दगड जागेवर राह्यले असते. वारा काय दगड उचलून नेतो? दगड गेले म्हंजी माणसाचा हात हाय."

बोलावल्यावर साळूबाई नातवंडांसह आली. तिचं बोचकं तपासलं, त्यात काही निघालं नाही. तिने कपाळाला भंडारा लावून शपथ घेतली. तरी काकासाहेबांनी सांगून टाकलं, की परवा सकाळी कळप शिवाराबाहेर गेला पाहिजे. एका गावच्या पाटलाने चोर म्हणून हाकललं की पुढच्या दहा गावांत साळूबाईला कुणी मेंढरं बसवू देणार नाही, हे लहान पोरांनाही कळत होतं. मग ती वर्षभर खाणार काय?

इंद्रायणीला जेवण गेलं नाही.

सकाळी उठल्या उठल्या ती वाड्यावर गेली. वाडा म्हणजे काटेरी कुंपणाचा मेंढवाडा. साळूबाई एका कोकराला दूध पाजत होती. इंद्रायणीने चाचरत सांगितलं की मी तुझं नाव चोर म्हणून घेतलं नव्हतं.

साळूबाई रागावली नाही. तिने वरही बघितलं नाही. "तू खोटं न्हाई बोललीस, पोरी. खरंच बोललीस. पर अर्धंच बोललीस. मेंढरं गेली तवा खडकावर तू न्हवतीस. म्या हाळी दिल्ती तुला, पाण्याचं इचाराया."

इंद्रायणी तिथून पळतच निघाली. रडू येत होतं आणि रडून काही होणार नाही हेही कळत होतं. तिने त्रिंबकाला अंथरुणातून ओढून काढलं.

"उद्या सकाळच्या आत पटका सापडला पाहिजे."

"पण दगड?" त्रिंबक डोळे चोळत म्हणाला. "चोर पटका नेईल, पण दगड काहून नेईल? जालन्यात अख्खं कापडाचं दुकान फोडलं तरी चोर पायरी घेऊन जात न्हाई."

इंद्रायणी जागच्या जागी थांबली. फुशारक्या मारणारा हा पोरगा पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोलला होता. आधी दगड शोधायचे, असं ठरलं. दोघं घरोघर हिंडली. कुणीच दगड घेतले नव्हते. काकूंनाही विचारलं. त्या दळता दळता म्हणाल्या, "मी कशाला दगड घेऊ? घरात काय कमी हायत?"

दहा वाजेपर्यंत पाय दुखायला लागले, पण हाती काही लागलं नाही. तेवढ्यात कापसाच्या रानातून कडूबाची आरोळी आली. तो एका सरीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात चक्क भीम होता.

झालं होतं असं. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी रानात सीतादही करतात. पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, मग वेचणी सुरू. काकूंनी काल दुपारी हेच केलं होतं. कडूबा दहीभातासाठी आला होता, पण तो मुंग्यांनी आधीच खाल्ला होता. म्हणून मुंग्या कुठून येतात ते बघायला त्याने सगळ्यात मोठा पांडव उचलला.

"ठेव खाली! देव हाय तो," इंद्रायणी किंचाळली.

"ठिवतो. पर तायी, भीमाच्या बुडाला केशरी काहून?"

त्रिंबक आणि इंद्रायणी एकमेकांकडे बघत राहिली. मग इंद्रायणीने हात जोडले, देवाची क्षमा मागितली आणि बाकीचे चारही पांडव एकेक करून उलटे केले. वरून हळदकुंकू आणि खालून केशरी. ओल्या पटक्याचा रंग पाचही दगडांना लागला होता. पूजा काही कुणी दगडाच्या बुडाला करत नाही.

ती काकूंकडे धावली. पांडव कुठून आणले, असं विचारल्यावर काकू सहज म्हणाल्या की खडकावरून. कसे सपाट होते, एकसारखे, जणू देवानेच मांडून ठेवलेले.

"मंग दगड घेतले का विचारलं तेव्हा न्हाई काहून म्हणालात?"

"दगड कुठं घेतले मी?" काकूंना खरंच आश्चर्य वाटलं. "पांडव आणले."

इंद्रायणीला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. काकूंचं खोटं नव्हतंच. हातात घेतल्या क्षणापासून ते दगड त्यांच्या लेखी देव होते, आणि चोरीच्या गोष्टीत देवाचं काय काम? पटका तसाच का सोडला, तर इंद्रायणी राखणीला आहे, इथेच कुठेतरी असेल, असं त्यांना वाटलं. हे सांगता सांगता काकूंचा चेहरा उतरला आणि त्या जात्याजवळ मटकन बसल्या.

चला, दगड सापडले! पण त्रिंबकाने लगेच त्या आनंदावर पाणी ओतलं. दगड चोराने नेले नाहीत एवढंच यातून कळतं. पटका चोराने नेला नाही हे कुठे कळतं? आणि काल तर झाडाचं पानही हलत नव्हतं. वाराच नव्हता, तर पटका उडेल कसा?

इंद्रायणी पुन्हा गोंधळली. सुटत आलेला गुंता पुन्हा पहिल्यासारखा झाला. ती दोघांबरोबर खडकावर परत आली, कडेला बसली आणि तिने सहज वर बघितलं. ऊन तापलं होतं. दोन घारी खडकाच्या बरोबर वर गोल गोल फिरत होत्या. पंख पसरलेले, पण एकदाही हलवलेले नाहीत. आणि तरी त्या वर वर चढत होत्या.

घार तर कोंबडीएवढी जड! तीही पडत नाही?

"तायी, त्यांना कोण उचलून राह्यलं?" कडूबाने विचारलं.

इंद्रायणी उत्तर देणार होती की कुणीच नाही. पण तिचा हात खडकावर टेकला आणि चटका बसून तिने तो झटकन मागे घेतला. काळा खडक तव्यासारखा तापला होता. तिला चूल आठवली, आणि आढ्याला चिकटलेला पुंजका.

"त्रिंबक, तुझं ते उर्दू पुन्हा म्हण. सावकाश."

"गर्म हवा... हल्की होकर... ऊपर उठती है," त्रिंबक म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचाच आ वासला. दोन वर्षं पाठ केलेलं वाक्य त्याला आत्ता पहिल्यांदा कळलं होतं. "अरे, हा खडकच चूल हाय!"

इंद्रायणीच्या डोक्यात आता भराभर जुळायला लागलं. आपण हवेला काही नाही असं समजत होतो, रिकामं. पण हवा आहे. ती खालून धरते. दाणा इवलासा आणि घट्ट, हवेला धरायला जागाच नाही, म्हणून तो निसटून पडतो. पुंजका पसरलेला, हवेला धरायला ऐसपैस. घारीचे पंखही पसरलेले. आणि बारा हात पसरलेला तलम, कोरडा पटका, खाली तापलेला खडक, वर एकही दगड नाही!

"दाखवल्याशिवाय काका मानायचे न्हाईत," ती म्हणाली. "एक तलम कापड पाहिजे."

एव्हाना बालवर्गातली बाकीची पोरंही जमली होती. सगळ्यांनी त्रिंबकाच्या सदऱ्याकडे बघितलं.

"बिलकुल न्हाई," त्रिंबक म्हणाला.

पण पोरं जास्त होती आणि त्रिंबक एकटा. मलमलीचा सदरा खडकावर पसरला गेला. सगळे श्वास रोखून बसले. काहीच झालं नाही. त्रिंबक हात पुढे करणार, एवढ्यात सदऱ्याची एक बाही थरथरली. पोट फुगलं. खडकाच्या कडेची धूळ आणि पाचोळा एका जागी गरगरायला लागला, बघता बघता माणसाएवढा भोवरा उभा राहिला, आणि त्रिंबकाचा सदरा दोन्ही हात पसरून आकाशात चढला!

"माझा सदरा! जल्दी पळा!"

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. पुढे सदरा, मागे उघडा त्रिंबक, त्याच्या मागे इंद्रायणी आणि सगळ्यात मागे बालवर्ग. वर गेल्यावर सदऱ्याला मंद वारा लागला आणि तो मावळतीच्या टेकडीकडे निघाला. खाली पान हलत नव्हतं आणि वर वारा होता! टेकडी चढताना पोरांना धाप लागली. सदरा माथ्यावरून पलीकडे दिसेनासा झाला. पलीकडच्या उतारावर नुसती बोराटी आणि निवडुंग. तिकडे माणूस जायचं काही कारणच नव्हतं.

सदरा एका बोरीच्या शेंड्याला लटकला होता. त्रिंबक काटे चुकवत त्याच्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"इंद्रायणी," तो हळूच म्हणाला.

वीस पावलांवर, निवडुंगाच्या जाळीत, केशरी काहीतरी चमकत होतं.

* * *

पटका सोडवायला तासभर लागला. तीन ठिकाणी काट्यांनी फाटला होता. घरी पोहोचल्यावर काकासाहेबांनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि फाटलेल्या जागा बोटांनी चाचपल्या. त्रिंबकाने हातवारे करून सगळी हकिकत सांगितली. कडूबाने चुलीवर पुंजका उडवून दाखवला. काकूंनी पांडवांचं स्वतःच सांगून टाकलं. काकांचा चेहरा उजळला. पोरांनो, शाबास, मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही बघितलं, असं ते म्हणाले आणि त्यांनी इंद्रायणीच्या पाठीवर हात ठेवला.

तो हात तिला निखाऱ्यासारखा वाटला. गप्प बसलं असतं तर चाललं असतं. पटका सापडला होता, कुणी काही विचारणार नव्हतं.

"काका, शाबासकी नका देऊ," ती म्हणाली. "राखण सोडून मी घरी आल्ते. मेंढरं गेली तेव्हा मी खडकावर न्हवतेच. ते मी बोलले न्हाई, म्हणून साळूमावशीवर आळ आला."

काकासाहेबांनी हात काढून घेतला. आता मार बसणार असं इंद्रायणीला वाटलं. पण काका तिच्याकडे बघतच नव्हते.

"तू अर्धं सांगितलंस," ते शेवटी म्हणाले. "पण बाकीचं अर्धं मी विचारलं का? पोरीच्या एका शब्दावर मी अकरा वर्षांच्या ओळखीचं माणूस चोर ठरवलं."

ते तसेच उठले. पटका हातात, डोकं उघडं. गावचा पाटील बोडक्या डोक्याने रस्त्यावर आला, तेव्हा लोक ओट्यांवरून उभे राहिले. घरात कुणी वारल्याशिवाय असं कुणी बाहेर पडत नाही. काकासाहेब कुणाकडे न बघता सरळ मेंढवाड्याकडे चालत गेले. मागोमाग पोरं.

साळूबाईने घोंगडी बांधली होती. उद्याची वाट न बघता ती आजच निघाली होती. पाटलांना तसं बघून तिच्या हातातली दोरी थांबली.

"साळूबाई, चुकलं माझं," काकासाहेब म्हणाले. "सगळ्या गावासमोर बोललो होतो, म्हणून गावासमोरून चालत आलो."

साळूबाईने मेंढरांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "बोचकं उसकटलं तवा माझी नातवंडं बघत व्हती, पाटील. त्ये कसं परत यील?"

आजवर इंद्रायणीला कळत नव्हत्या त्या गोष्टींना निदान कुठेतरी उत्तर होतं. या गोष्टीला उत्तरच नव्हतं. ती पुढे झाली आणि साळूबाईचे पाय धरले. साळूबाईने तिला उठवलं. उठवताना धरलेला हात तिने लगेच सोडला नाही.

"डोकं झाका आधी," ती पाटलांना म्हणाली. "पोरं बघून राह्यलीत."

काकासाहेबांनी पटका झटकला. त्रिंबक पळत जाऊन दुसरं टोक धरायला गेला, पण काकांनी ते इंद्रायणीच्या हातात दिलं. बारा हात पटक्याला पीळ बसत गेला. काकूंनी मागून हळूच सांगितलं, की फाटलेली बाजू आत घ्या, म्हणजे दिसणार नाही.

काकासाहेबांनी तिन्ही भोकं कपाळावर, बरोबर समोर येतील असा शेवटचा वेढा घेतला.

"दिसू दे," ते म्हणाले. "राजूरला कुणी विचारलं तर सांगावं लागेल मला."

साळूबाईने घोंगडीची गाठ सोडली.